चहाला कोण आलं नाही?

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

व्यासपीठासमोर पहिल्या रांगेत बसलेले आपले सर्व सर आणि बाई, आणि १९९५ सालच्या दहावीच्या सगळ्या तुकड्यांमधल्या मित्रमैत्रिणींनो,



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, ‘पंधरा मिनिटं बोल. विषय तुझा तू ठरव. फक्त एआयवर बोलू नकोस, त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये अकरा जण आहेत.’ मी सॉफ्टवेअरमध्ये चोवीस वर्षं काढली, त्यामुळे एआय वगळून माझ्याकडे काय उरतं, हा प्रश्न मला पडला. मग लक्षात आलं, चहा उरतो. तेव्हा आज मी चहावर बोलणार आहे. म्हणजे चहा कसा करावा यावर नाही. पुण्यात त्यावर बोलायचं धाडस मी करणार नाही. चहाला कुठे बसावं, कोणाबरोबर बसावं, आणि ठरलेल्या वेळी एखादं माणूस आलं नाही तर काय करावं, यावर बोलणार आहे.

२०१३ साली कंपनीने मला एका बँकेच्या प्रकल्पासाठी एडिंबराला पाठवलं होतं. आठ महिने मी तिथे होते. स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडतो. कामाचे दिवस कसेबसे जायचे, पण शनिवार-रविवारी घर खायला उठायचं. ऑफिसातल्या एका स्थानिक सहकारी बाईंनी माझा चेहरा पाहून सांगितलं, ‘शनिवारी फाइफला ये, माझ्या गावात. आमच्याकडच्या टीरूममध्ये तुला डंपलिंग खायला घालते.’ डंपलिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मोमो आले. म्हटलं, मोमो खायला स्कॉटलंडमध्ये खेड्यात कशाला जायचं? पण गेले.

एडिंबराहून फाइफला जाणारी गाडी फोर्थच्या खाडीवरच्या त्या लाल पुलावरून जाते. हा पूल १८९० सालचा आहे. खाली राखाडी पाणी, वर लोखंडाचं जंगल. खाडी ओलांडली की शेतं सुरू होतात. गाव म्हणजे एक चर्च, एक पोस्ट, दगडी घरांची एक रांग आणि मधोमध ही टीरूम. सात-आठ टेबलं, खिडकीत जेरेनियमच्या कुंड्या, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू, आणि प्रत्येक किटलीला विणलेली लोकरीची टोपी. आपल्याकडे बाळाला घालतात ना, तश्शी. चहा गार होऊ नये म्हणून.

तिथे मी पहिल्यांदा ‘क्लूटी डंपलिंग’ पाहिलं. ‘क्लूट’ म्हणजे स्कॉट बोलीत फडकं. कणीक किंवा मैदा, मनुका, बेदाणे, साखर, काकवीसारखा पाक, दालचिनी, आलं असं सगळं एकत्र मळायचं. मग एक सुती फडकं उकळत्या पाण्यातून काढून त्यावर पीठ भुरभुरायचं, त्यात तो गोळा ठेवून पुरचुंडी बांधायची आणि तीन-चार तास मंद आचेवर पाण्यात शिजू द्यायची. पुरचुंडी थोडी सैल बांधायची, कारण आतला गोळा फुगतो. बाहेर काढल्यावर फडकं सोडायचं आणि गोळा विस्तवापुढे ठेवून वरची साल सुकवायची. त्या सालीसाठी घरात भांडणं होतात म्हणे. परंपरेप्रमाणे यात प्राण्याची चरबी घालतात, म्हणून मी आधी विचारून घेतलं. त्या टीरूममध्ये शाकाहारी लोकांसाठी वनस्पती तुपाचं वेगळं करत होत्या. वाढदिवसाला पूर्वी त्यात कागदात गुंडाळून छोटी नाणी घालायचे. ज्याच्या तुकड्यात नाणं येईल तो भाग्यवान. आणि उरलेलं डंपलिंग दुसऱ्या दिवशी सकाळी कापून तव्यावर परतून खायचं. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लगेच पटावं.

मला त्यात आपली नागपंचमीची दिंडं दिसली. चिरायचं नाही, तळायचं नाही, मग काय करायचं? उकडायचं. तिथे जुन्या घरांमधून भट्टीच नसायची, चुलीवर एक मोठं भांडं असायचं. मग केक कसा करायचा? फडक्यात बांधून उकडायचा. आपण फडक्यात चक्का बांधतो, मटकी बांधतो, त्यांनी केक बांधला. दोन्हीकडे फडकं आईच्या जुन्या साडीचं किंवा चादरीचं. स्कोनचंही तसंच. आज स्कोन भट्टीत भाजतात, पण जुनी पद्धत तव्यावरची. ताक, मैदा, लोणी, खायचा सोडा, आणि तवा. त्यांच्या बोलीत तव्याला ‘गर्डल’ म्हणतात. उकडलेल्या बटाट्याचाही एक स्कोन असतो, तो तर सरळ बटाट्याची दशमीच आहे. आणि चहा? आसामात चहाचं झुडूप वाढतं, हे १८२३ साली ज्याने इंग्रजी जगाला कळवलं तो रॉबर्ट ब्रूस स्कॉटलंडचाच. तिथले सिंगफो लोक अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून चहा पीत होते.

पण मला आज सांगायचं आहे ते शेजारच्या टेबलाबद्दल.

शेजारच्या टेबलाला पाच आजीबाई बसल्या होत्या. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. परकी मुलगी बघून त्यांनी मला ओढूनच आपल्यात घेतलं. कुठली, काय करतेस, लग्न झालंय का, स्वयंपाक येतो का, सगळी चौकशी झाली. मला वाटलं, मी सदाशिव पेठेत आहे. बोलता बोलता कळलं की पाचही जणी त्या गावातल्या प्राथमिक शाळेत एका वर्गात होत्या. दोघी नोकरीसाठी बाहेर गेल्या आणि निवृत्त होऊन परत आल्या, तिघी कधी गाव सोडूनच गेल्या नाहीत. दर शनिवारी सकाळी दहा वाजता हे टेबल त्यांचं. मी विचारलं, ‘दर आठवड्याला काय बोलता?’ त्यातल्या एकीने सांगितलं, ‘बोलायला काही नसतंच. आम्ही मोजायला येतो. साडेदहापर्यंत पाच झाल्या नाहीत, तर एकीने उठायचं आणि जाऊन दार वाजवायचं.’

त्या सगळ्या हसल्या. मीही हसले. परत येताना गाडीत मात्र हे वाक्य डोक्यातून जाईना.

मग मी त्या टीरूमच्या इतिहासाच्या मागे लागले. आमच्या धंद्यात ही खोड असते, कुठलीही गोष्ट चालताना दिसली की ती मुळात कोणी आणि कशासाठी बनवली ते शोधायचं. टीरूम ही ग्लासगोची देणगी. स्टुअर्ट क्रॅन्स्टन नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने १८७५ साली आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना बसून चहा प्यायची सोय केली. त्याची बहीण केट क्रॅन्स्टन. तिने १८७८ साली स्वतःचं दुकान काढलं आणि पुढे ग्लासगोत एकामागून एक अशा चार जागा उभ्या केल्या. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध ‘विलो टीरूम्स’, सॉकीहॉल स्ट्रीटवरची, १९०३ सालची. तिचं सगळं काम, खुर्च्यांपासून खिडक्यांच्या काचांपर्यंत, चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या आर्किटेक्टने केलं. ही जागा मधल्या काळात मोडकळीला आली होती, ती दुरुस्त होऊन २०१८ साली पुन्हा उघडली.

यात महत्त्वाचं काय? त्या काळात ग्लासगोत पुरुषांना बसायला पब होते, क्लब होते. बाईमाणसाला, तीही एकटी किंवा मैत्रिणीबरोबर, घराबाहेर दोन घटका बसायला जागा नव्हती. दारूबंदीची चळवळ जोरात होती, दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या मुली वाढत होत्या. टीरूमने त्यांना टेबल दिलं. नवरा, भाऊ किंवा वडील बरोबर नसताना एखादी बाई तिथे बसली तर कोणी भुवया उंचावत नव्हतं. क्रॅन्स्टनबाईंनी चहा विकला हे खरंच, पण त्यांच्याकडे लोक यायचे ते बसायला मिळतं म्हणून.

आता जरा १९९५च्या पुण्यात या.

मुलग्यांनो, शाळा सुटल्यावर तुम्ही कुठे जायचात, ते आम्हाला माहीत होतं. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात. पितळेचं भांडं, त्यात उकळणारा चहा, आलं-वेलची कुटायचा तो ठेका, फडक्यातून धारेने गाळलेला चहा. त्या दुकानांचे मालक बहुतेक राजस्थानातून आलेले श्रीमाळी ब्राह्मण, पण बोलणं अस्सल पुणेरी. तुम्ही तिथे अर्धा-अर्धा तास उभे असायचात. आम्ही मुली? आम्ही रस्त्याच्या कडेला सायकली हातात धरून उभ्या राहायचो. सायकल हेच आमचं टेबल. एक पाय पेडलवर, दप्तर कॅरिअरला, आणि तासभर गप्पा. कोणी ओळखीचं दिसलं की, ‘चल गं, निघते,’ म्हणून निम्म्या जणी पांगायच्या. अमृततुल्याच्या बाकावर दहावीची मुलगी बसली आहे, असं चित्र आठवतंय का कोणाला? हॉटेलात जायचं ते घरच्यांबरोबर, आणि तेही ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असलेल्या, लाकडी फळ्यांनी आडोसा केलेल्या भागात. त्या पाटीचा अर्थ असा होता की बाई असेल तर ती कोणाच्या तरी कुटुंबातलीच असणार.

याला पुण्यात एक अपवाद होता. इराणी.

इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून आलेली माणसं. बरीचशी झरथुष्ट्री, काही मुसलमान. पोट भरायला मुंबईला उतरली, तिथून पुण्यात आली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकानं त्यांनी धरली, आणि ती इतकी धरली की कोपरा म्हटला की इराणी असं समीकरण झालं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काउंटरवर काचेच्या बरण्या. डेक्कनचं गुडलक १९३५ सालचं. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ची. तिथल्या श्रूजबेरी बिस्किटांना ज्या गावाचं नाव आहे ते श्रूजबेरी इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या काठी आहे आणि तिथेही त्या नावाची बिस्किटं शेकडो वर्षं होतात. पण पुण्याबाहेरून आलेला पाहुणा परत जाताना जो डबा मागतो तो कयानीचा. नाव इंग्लंडचं, हात इराण्याचा आणि रांग पुणेकरांची. दुपारी दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं, ही शिस्त पुणेकराला शिकवायला लागत नाही.

आपल्या वर्गातल्या काही मुलींनी अकरावी-बारावीत पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने चहा प्यायला तो इराण्याकडे. मीही त्यात होते. तिथे कोण कोणाबरोबर आलं आहे, याची कोणी दखल घेत नसे. गल्ल्यावरचे बावाजी पेपर वाचत बसायचे. एक बन मस्का चौघीत आणि दोन चहा चौघीत, एवढ्यावर तासभर बसलं तरी कोणी ‘अजून काय देऊ?’ असं विचारून उठवत नव्हतं. पोऱ्या येऊन फक्त टेबल पुसून जायचा. मला तर वाटतं, क्रॅन्स्टनबाईंनी जे ग्लासगोत ठरवून केलं, ते आपल्या इराण्यांनी न ठरवता केलं.

आज ती दुकानं कमी होत चालली आहेत. कारणं सोपी आहेत. पहाटे चारला भट्टी पेटवायची आणि रात्री अकराला शटर ओढायचं, हे पुढच्या पिढीने का करावं? ती शिकली, डॉक्टर झाली, कॅनडाला गेली. कोपऱ्यावरच्या जागेला चहापेक्षा जास्त पैसे देणारे खूप आहेत. याचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही. आपणही वडिलांचा धंदा सोडूनच आज इथे बसलो आहोत. प्रश्न इतकाच आहे की उरलेल्या टेबलांचं आपण काय करतो.

आता मी आमच्या टेबलाबद्दल सांगते. आम्ही सहा जणी आणि आपल्या भूगोलाच्या बाई. बाई आज समोर बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. ‘सगळं सांग, फक्त माझं वय सांगू नकोस,’ एवढीच त्यांची अट आहे.

२०२२ साली, कोविडनंतर, बाईंचे यजमान गेले. मुलगा अमेरिकेत, तो येऊन गेला, पुन्हा येतो, रोज फोन करतो. त्याने काही कमी केलं आहे असं नाही. पण बाईंची इमारत पुनर्विकासाला गेली, त्या भाड्याच्या घरात राहायला गेल्या, आणि तीस वर्षांचे शेजारी चार दिशांना पांगले. हे पुण्यात आज घरोघरी चाललं आहे. नव्या जागेत बाईंना ओळखणारं कोणी नव्हतं. त्यांना भेटायला गेले, तेव्हा गप्पांच्या ओघात मी फाइफच्या त्या पाच आजीबाईंची गोष्ट सांगितली. बाईंनी आधी मला पाठीमागच्या कागदावर फाइफ कुठे आहे ते काढून दाखवायला लावलं. खाडी उलट्या बाजूला काढली म्हणून गुण कापले. आणि मग म्हणाल्या, ‘मग आपण का नाही बसायचं?’

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी आठ वाजता, कॅम्पातलं एक इराणी. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या शनिवारी आम्हालाच जागा मिळणार नाही. नियम तीनच आहेत. ‘येणार का?’ असं कोणी ग्रुपवर विचारायचं नाही, कारण विचारलं की माणूस कारण शोधायला लागतो. बिल टीटीएमएम, बाईंचंही, त्यांच्याच आग्रहाने. आणि आठ वाजून वीस मिनिटांनी मोजायचं.

पहिलं वर्षभर मोजणं हा आमचा विनोद होता. बाई हजेरी घेतल्यासारखी घ्यायच्या, आम्ही ‘हजर’ म्हणायचो. मग एका शनिवारी मोजलं तर सहा.

बाई आल्या नव्हत्या. तुम्हाला बाई माहीत आहेत. आठची वेळ असेल तर पावणेआठला दारात. फोन वाजत होता, उचलत नव्हत्या. एक जण म्हणाली, ‘आंघोळीला गेल्या असतील.’ दुसरी म्हणाली, ‘दहा मिनिटं थांबू.’ तिसरीने पर्स उचलली आणि म्हणाली, ‘थांबायचं असं ठरलेलं नाही. जायचं असं ठरलेलं आहे.’ मी आणि ती तिच्या स्कूटरवर निघालो. आठ पन्नासला पोचलो. दारात दुधाची पिशवी आणि वर्तमानपत्र तसंच पडलेलं. बेल वाजवली आणि आतून बाईंचा आवाज आला, ‘शेजारच्यांकडे किल्ली आहे गं.’

पहाटे साडेपाचला त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. उठता येत नव्हतं, फोन दुसऱ्या खोलीत होता. शेजारच्या बंद फ्लॅटपर्यंत हाक पोचत नव्हती. सव्वातीन तास त्या फरशीवर होत्या. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांच्याजवळ खाली बसले होते. मी रडत होते, त्या नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘अगं, मी घाबरले नाही. आज पहिला शनिवार आहे ना. नऊपर्यंत कोणीतरी येणार, हे मला माहीत होतं. मी घड्याळाकडे बघत होते.’

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगा चौथ्या दिवशी पोचला. तीन महिन्यांनी बाई वॉकर घेऊन परत आमच्या टेबलाला आल्या, आणि आज त्या काठी टेकत तीन पायऱ्या चढून या सभागृहात आल्या आहेत. टाळ्या वाजवा, पण त्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांसाठीही वाजवा.

आता माझ्या धंद्यातली एकच गोष्ट सांगते, मग एआयशिवाय बोलल्याचं समाधान संयोजकांना मिळेल. मोठ्या यंत्रणेत शेकडो सर्व्हर असतात. एखादा सर्व्हर बंद पडला तर कसं कळतं? तो स्वतः ‘मी बंद पडलो’ असं कळवत नाही. बंद पडलेल्याला कळवता कुठे येतं? म्हणून प्रत्येक सर्व्हरने ठराविक वेळाने एक छोटासा संदेश पाठवायचा असतो. त्यात माहिती काही नसते, नुसतं ‘मी आहे.’ याला आम्ही हार्टबीट म्हणतो, हृदयाचा ठोका. ठरलेल्या वेळी ठोका आला नाही की लगेच घंटा वाजते आणि कोणीतरी उठून बघायला जातं. यात दोन गोष्टी लागतात. वेळ ठरलेली हवी, आणि ठोका चुकला तर उठायचं कोणी, हे आधी ठरलेलं हवं. यातली एक गोष्ट नसली तर दुसरीचा उपयोग नाही.

आपला व्हॉट्सॅप ग्रुप बघा. एकशे चाळीस माणसं. सकाळी सूर्याचे फोटो, दुपारी विनोद, रात्री राजकारण. त्यात वेळ ठरलेली नाही, त्यामुळे कोण बोलत नाहीये हे दिसतच नाही. पंचवीस जण बोलत असले की एकशे चाळीसही हजर आहेत असं वाटतं. मी ग्रुपच्या विरुद्ध नाही. आज इतके जण इथे जमलो ते त्या ग्रुपमुळेच. पण मोठ्या गर्दीत माणूस हरवलेला कळत नाही आणि सहा जणांच्या टेबलाला रिकामी खुर्ची लपत नाही.

आणि हे फक्त वयस्क माणसांसाठी आहे असं कृपा करून समजू नका. आपण सगळे सेहेचाळीस-सत्तेचाळीसचे आहोत. आपल्यात नोकरी गेलेले आहेत, घटस्फोटातून जाणारे आहेत, आईवडिलांच्या आजारपणात पार पिचलेले आहेत, मुलं बाहेर गेल्यावर संध्याकाळी काय करावं ते न कळणारे आहेत. आपण बंद पडलो आहोत, हे आपल्यालाही कळवता येत नाही. मुलग्यांना तर अजिबातच नाही. तुम्ही अमृततुल्यात अर्धा तास उभे राहायचात, ते कधी थांबलं, आठवतंय का? आम्ही मुलींनी सायकलीपासून टेबलापर्यंत यायला पंचवीस वर्षं घेतली. तुमच्याकडे जागा पहिल्यापासून होती. ती तुम्ही सोडून का दिलीत, याचा एकदा विचार करा.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. या मेळाव्यातून आपण भागाभागाप्रमाणे टेबलं ठरवू. कोथरूड, सिंहगड रस्ता, सहकारनगर, औंध-बाणेर, पिंपरी-चिंचवड, हडपसर. पेठांमध्ये अजून राहणारे असतील त्यांनी दोन टेबलं करा, कारण एका टेबलावर तुमचं एकमत होणार नाही. एका टेबलाला जास्तीत जास्त सहा-सात माणसं. त्याहून जास्त झाली की मोजणं थांबतं. महिन्यातून एकदा, दिवस आणि वेळ पक्की. जागा साधी हवी, जिथे एका चहावर तासभर बसू देतात अशी. इराणी असेल तर उत्तम, अमृततुल्य चालेल, उडप्याचंही चालेल. आणि प्रत्येक टेबलाने आपल्या भागातल्या एका सरांना किंवा बाईंना आपल्यात घ्यायचं. त्यांना आणायचं, सोडायचं, त्यांच्याकडून ओरडून घ्यायचं. परगावी आणि परदेशी असलेल्यांनी आपापल्या गावात टेबल शोधावं. शाळेतलेच लोक हवेत असं नाही. फक्त मोजणारं कोणीतरी हवं.

आणखी एक लहानशी सूचना. टेबलावरच्या प्रत्येकाकडे दुसऱ्या एकाचा पत्ता लिहिलेला असू दे. नुसता फोन नंबर नको. इमारत, मजला, आणि शेजाऱ्याचं नाव. त्या सकाळी आम्हाला बाईंचा मजला माहीत होता, म्हणून वेळ वाचला. आणि बाई म्हणतात, एक किल्ली शेजारी ठेवायलाच हवी. ही सूचना त्यांची आहे, त्यामुळे ती परीक्षेत येईल असं समजून लिहून घ्या.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. त्यात भागाचं नाव घालून पानं आखली आहेत. तुमचं नाव, पत्ता आणि सोयीचा शनिवार किंवा रविवार लिहा. सकाळी जेवायच्या कुपनांसाठी रांगेत उभे राहिलात, तेवढाच वेळ लागेल. चार वाजता चहा आहे, तोपर्यंत वही तिथे असेल. चहा आपल्या नेहमीच्या केटरिंगवाल्याचा आहे, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वहीकडून ठेवा.